माझ्या घराचं निकृष्ट काम

जुनं घर दुरुस्तीला काढलं की वाळू, सिमेंट मागवावं लागतं. किस्से न मागवता येतात! उभी हयात वार्ताहर म्हणून दुसऱ्यांच्या भानगडी छापल्या. आता स्वतःच्या घराच्या इतक्या साठल्यात, की ऐकायला कोणी दिसलं की मी सुरू होतो.

माझी बायको सुनंदा गेल्यावर मी शिरूरची भाड्याची खोली सोडून वडगाव रासाईतल्या आमच्या बंद घरात राहायचं ठरवलं. आबांना सांगितलं. आबा म्हणजे शिरूरचे पेपर एजंट. मी लिहायचो, ते वाटायचे. त्यांचे वडील गवंडी, त्यामुळे आबांचा हातही थापीवर बसलेला.

"तिथं तुज्यासंगं भांडणार कोण?"

"गावात माणसं काय कमी आहेत, आबा?"

"माणसं हायती रं. वैनीच्या तोडीचं कोण हाय?"

मी घाईनं पडक्या भिंतींचा विषय काढला.

"बरं," आबा म्हणाले, "प्लास्टर मी करतो."

*

प्लास्टर वाळलं. शाळेच्या भिंती, पुलांचे कठडे, मी सगळं स्कूटरच्या किल्लीनं टोकरून बघत आलोय. सवयीनं इथंही टोकरलं. ढपला पडला.

"निकृष्ट काम!" मी ओरडलो. "ठेकेदार कोण?"

आबा शिडीवरच होते. "ठेकेदार मी. मजुरी, दोन टाइम चहा. लाव बातमी!"

*

दिलीप दौंडचा. माझ्या निम्म्या बातम्यांचे फोटो त्याचे. भिंतीत खिडकी कुठं काढायची, हे त्यानं खाटेवर बसून, डोळ्याला कॅमेरा लावून ठरवलं. खिडकी झाली. मी उभा राहून बघतो, तर समोर विटा!

"अरे, नदी कुठंय?"

"बस खाली."

बसलो. चौकटीत भीमा, पलीकडं ऊस.

"आणि उभ्या माणसानं काय बघायचं?"

"उभ्या उभ्या निघणाऱ्याला कशाला दाखवायची?" दिलीप म्हणाला. "आलाय तर बसंल की!"

*

पाण्याच्या टाकीसाठी दुकानात गेलो. मालकानं विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तसं न्हाई, एकटंच असाल तर ही बारकी बास झाली."

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकाच्या घरात कोण आहे, कोण नाही, ही चौकशी करायचा अधिकार यांना दिला कुणी? सगळ्यांसमोर तसं सुनावलं आणि दुकानातली सगळ्यात मोठी टाकी उचलली. ती टेम्पोत मावेना, म्हणून आबा मागं तिला मिठी मारून बसले.

ती टाकी अजून एकदाही रिकामी झालेली नाही.

*

वास्तुशांत झाली. जेवणावळ उठली, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि घर एकदम पूर्ण झालं. त्यानंतर मी आबांना फोन करायचो.

"या की एकदा."

"काय काम निघालंय का?"

"काम काही नाही."

"मग येतो सवडीनं."

दिलीपचंही तेच. मी खिडकीत बसायचो. नदी दिसायची. गावात एकदोघांशी भांडून बघितलं, पण ते पाहुणा समजून ऐकून घ्यायचे. असल्या माणसांशी काय भांडणार!

एका सकाळी आबांना फोन लावला. "आबा, स्वयंपाकघरातला कोबा फुटलाय."

"कसा काय?"

"मला काय विचारता? काम तुमचं!"

दुपारच्या आत आबा मोटरसायकलवर मागं दिलीपला घेऊन हजर. कोब्याच्या मधोमध परातीएवढा खड्डा. बाकी कुठं साधी चीरही नव्हती. हातोडा मी मोरीत ठेवला होता, तो दिलीपला दिसला. माझ्या बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या, त्या आबांना दिसल्या.

"निकृष्ट काम!" मी आवाज चढवला. "याची चौकशी झाली पाहिजे!"

दिलीपनं खड्ड्यावर कॅमेरा धरला, मग फोटो न काढताच खाली घेतला आणि चहाचं आधण ठेवायला गेला.

आबा उकिडवे बसले. खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लय खराब झालंय. समदा कोबा उकरावा लागंल. भिंतींचं बी काय खरं न्हाई."

"किती दिवस जातील?"

"तसं सांगता येत न्हाई गड्या. घाईचं कामच न्हाई हे."

पिशवीतनं त्यांनी थापी काढली, माझ्या फळीवरचे डबे सरकवले आणि ती तिथं ठेवली.

"हिला हितंच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "रोज कोण ने-आण करतंय!"