बोकील सरांची सर्वांत गरम टाकी

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक विषय आहे: संगणकाची रचना आणि असेंब्ली भाषा. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'कोल' असा होतो, म्हणून बारामतीपासून इंदापूरपर्यंतची पोरं त्याला सरळ कोळसा म्हणतात. 'कोळसा निघाला का रे?' असं कुणी विचारलं, तर विषय सुटला का, एवढंच समजायचं. ही पोरं पुढे पुण्यात ज्या नोकऱ्या करतात, तिथे मुलाखतीत या विषयातलं त्यांना कुणी काही विचारत नाही. तरी तो सुटल्याशिवाय पुण्याला जाता येत नाही.

हा विषय चिंतामण बोकील यांनी सव्वीस वर्षं शिकवला. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि आता त्यांच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास झाला तर मास्तर, नाहीतर पाहुणा. सर वालचंदनगरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये वाढले. वडील तिथल्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पुढे सरांनी जवळच घर बांधलं आणि सव्वीस वर्षं एसटीने ये-जा केली. त्यांच्या पत्नी यशोदाकाकू एकदा आम्हाला चहा देताना म्हणाल्या होत्या, 'लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण 'मी चुकलो' हे दोन शब्द यांच्या तोंडून ऐकले नाहीत हो.' सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, 'तशी वेळ आली नाही.' हे ते गमतीने म्हणत नव्हते.

शिकवायचे मात्र झकास. यंत्राला उणे संख्या कशी कळते, हा चौथा धडा तर ते असा रंगवत, की शेवटच्या बाकावरचा मोबाइल खिशात जायचा. फळ्यावर आठ खण काढायचे आणि सांगायचे, 'यंत्राला वजाचं चिन्ह माहीत नाही. पहिला खण भरलेला असला की संख्या उणे समजायची. पण हे आपण त्याला सांगावं लागतं. तुलना करायचे हुकूम दोन आहेत. एक उणे-अधिक ओळखतो, दुसरा ओळखत नाही. चुकीचा हुकूम दिलात तर त्या बिचाऱ्याला उणे तीन म्हणजे दोनशे त्रेपन्न वाटतात.' मग सगळ्यांकडे बघून विचारायचे, 'मग चूक कोणाची? यंत्राची की तुमची?' आम्ही एका सुरात आमची म्हणायचो.

प्रात्यक्षिकांची पुस्तिकाही सरांनीच लिहिलेली. आजूबाजूच्या कॉलेजांनी ती नाव बदलून आपली केली आहे, यावरून तिची योग्यता कळावी. तिच्यात सातवा प्रयोग आहे: पाच संख्यांतली सर्वांत मोठी शोधा. पूर्वी त्या संख्या म्हणजे पाच विद्यार्थ्यांचे गुण असायचे. मग एकोणीस वर्षांपूर्वी वरून परिपत्रक आलं, की उदाहरणं स्थानिक असावीत. सरांनी गुण काढले आणि दूध शीतकरण केंद्रातल्या पाच टाक्या घातल्या. तापमानं चार, सात, उणे तीन, नऊ आणि पाच. सर्वांत गरम टाकी शोधा. संख्या बदलल्या, प्रोग्रॅम तोच ठेवला, उणे न ओळखणाऱ्या हुकुमाचा. गुण उणे नसतात, तापमान असतं, हे त्या दिवशी सरांच्या ध्यानात राहिलं नाही. लॅबमधल्या किटवर, म्हणजे सरावाच्या छोट्या यंत्रावर, प्रोग्रॅम चालवला, लाल अक्षरांत 'एफडी' असं उत्तर आलं आणि ते पुस्तिकेत छापलं गेलं.

एफडी म्हणजे यंत्राच्या लिपीत उणे तीन.

अशा रीतीने आमच्या पट्ट्यात सर्वांत गरम टाकी ही उणे तीन अंशांची ठरली आणि एकोणीस वर्षं ठरलेलीच राहिली. कारण आमच्याकडे जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. वडगाव निंबाळकरच्या सीनियरची वही पणदऱ्याच्या ज्युनियरकडे येते, तिथून त्याच्या मामेभावाकडे जाते, आणि दर वर्षी फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलतं. प्रोग्रॅमही त्यातूनच उचलून किटवर दाबला जातो, त्यामुळे किटही इमानाने एफडीच दाखवतं. पुस्तिका, जर्नल आणि किट अशा तिघांचं एकमत. एवढं एकमत आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतही होत नाही. एफडी म्हणजे किती अंश, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. एफडी म्हटल्यावर पोरांना बँकच आठवायची.

यंदा स्वरूपा कोकरे आली आणि घोळ झाला. स्वरूपा पणदऱ्याची. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला, तेही दोन महिने उशिरा आलेली. तिला कुणी सीनियर माहीत नव्हता, म्हणून तिला कुणाची वही मिळाली नाही. बिचारीला स्वतः अभ्यास करावा लागला. यंदाच्या पहिल्या सत्रातले दोन विषय आधीच राहिलेले होते. कोळशाचं प्रात्यक्षिकही गेलं असतं तर राहिलेले विषय तीन होऊन तिसऱ्या वर्षाची वाट बंद, वर्ष घरी. आणि पणदऱ्यात वर्ष घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळं शोधायला कुणाला सांगावं लागत नाही.

परीक्षेला तिला नेमका सातवा प्रयोग आला. बाहेरचे परीक्षक होते विजयसिंह घोगरे, इंदापूरकडच्या एका कॉलेजात प्राध्यापक. तेही सरांचेच विद्यार्थी. दर वर्षी येतात, आधी सरांच्या पाया पडतात, मग परीक्षा घेतात. सर खिडकीपाशी चहा घेत बसले होते. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते, आणि 'सव्वीस वर्षांची निर्दोष सेवा' असा फ्लेक्स छापूनही आला होता. आमच्याकडे माणसाचं काहीही आधी फ्लेक्सवर होतं, मग प्रत्यक्षात.

विजयसिंह स्वरूपाच्या किटपाशी थांबले. म्हणाले, 'हे काय? नऊ?'

'व्हय सर. सगळ्यात गरम टाकी नऊची हाय.'

'आधीच्या चौघांचं एफडी आलं. पुस्तिकेत एफडी आहे. तुझंच नऊ कसं?'

'सर, एफडी म्हंजी उणं तीन. आमी रोज केंद्रावर दूध घालतो. उणं तीनला टाकीत दूध न्हाय, बर्फ आसतंय. तीच सगळ्यात गरम कशी व्हईल?'

'दुधाचं घरी सांगायचं,' विजयसिंह म्हणाले. 'हितं प्रोग्रॅम बघायचा.' आणि त्यांनी उत्तरापुढे शून्य मांडलं. त्या शून्यावर ती नापास होत होती.

तिने रडायला हवं होतं, म्हणजे प्रकरण मिटलं असतं. पण ती किटसमोरून हलेना. 'सर, पुन्यांदा चालवून दावू का?' एवढंच विचारत राहिली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोलू शकलो असतो. तासिका तत्त्वावरच्या माणसाने परीक्षकाला शिकवू नये, असं मनाला समजावलं आणि हजेरीपत्रक चाळत राहिलो.

शेवटी विजयसिंहांनी हाक मारली. 'सर, तुम्हीच सांगा हिला.'

सर उठून आले. त्यांनी चष्मा वर केला आणि तिचा प्रोग्रॅम एकेक बाइट करून वाचला. एका जागी बोट थांबलं. पुस्तिकेत जिथे ७३, म्हणजे उणे न ओळखणारा हुकूम होता, तिथे तिने ७डी, म्हणजे ओळखणारा, घातला होता.

'हे का बदललंस?'

'तुमीच शिकवलंय की सर. चौथ्या धड्यात. उणं आसलं तर उण्याचा हुकूम द्यायचा.'

सरांनी टेबलावरची पुस्तिका घेतली, सातवा प्रयोग उघडला आणि उभ्यानेच वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. लॅबमधली वीस पोरं आपापली किटं सोडून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सर म्हणणार, पुस्तिकेत दिलंय तसं कर. ते म्हणायला काही लागत नव्हतं. तीन आठवड्यांनी ते घरी जाणार होते, पुस्तिका आमच्या गळ्यात, आणि ती मुलगी वर्षभर पणदऱ्यात.

'हिचं बरोबर आहे,' सर म्हणाले. 'मी चुकलो.'

विजयसिंह एकदम लगबगीने म्हणाले, 'सर, तुम्ही कशाला मनाला लावून घेताय? आपण दोन्ही उत्तरं धरू की.'

'सर्वांत गरम टाकी एकच असते, विजयसिंह.'

'पण सर, मग आमचं काय? आम्ही सगळेच एफडीवाले.'

'तुम्ही चूक लिहून पास झालात. तिला बरोबर लिहून होऊ दे.'

सरांनी गुणपत्रक ओढलं, शून्य कापलं, पूर्ण गुण दिले आणि शेजारी शाईने लिहिलं: 'विद्यार्थिनीचे उत्तर योग्य. पुस्तिकेतील उत्तर चूक.' खाली सही केली. विजयसिंहांनीही केली, पण सही करताना त्यांचा चेहरा कुणी पदवी परत मागितल्यासारखा झाला होता. मला सरांचा अभिमान वाटला, आणि त्यापेक्षा जास्त स्वतःची लाज वाटली. स्वरूपाने काही आभार वगैरे मानले नाहीत. बरोबर आलेल्या उत्तराचे आभार मानायचे असतात, हे तिला ठाऊक नसावं. ती किट बंद करून निघून गेली.

दुपारी मी सरांना मोटरसायकलवरून बारामतीच्या स्टँडवर सोडलं. वालचंदनगरची गाडी लागायची होती. सर बाकावर बसले. चूक कबूल करून माणूस हलका होतो म्हणतात. सर चांगलेच खचलेले दिसत होते.

'मल्हार,' ते म्हणाले, 'चुकलो त्याचं एवढं नाही. पण हजाराच्या वर पोरं झाली रे या एकोणीस वर्षांत. चौथा धडा मी घसा फोडून शिकवला. एकालाही दिसू नये? मग मी शिकवलं तरी काय?'

मला ते बघवेना. त्यांना बरं वाटावं, याच एका हेतूने मी बोललो.

'एकाला दिसलं होतं, सर. मला. माझ्या परीक्षेला मीही तो हुकूम बदलला होता. नऊच आलं होतं.'

सरांचा चेहरा असा खुलला, की फ्लेक्सवरही तसा नव्हता. त्यांनी माझा हात धरला. 'खरं सांगतोस? मग?'

'मग शेजारी बघितलं. सगळ्यांचं एफडी होतं. मी नऊ खोडलं आणि एफडी लिहिलं.'

त्यांनी हात सोडला नाही. विचारलं, 'किती दिले होते मी?'

'पंचविसातले चोवीस.'

'आणि एक कशाचा कापला होता?'

गाडी फलाटाला लागत होती. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्या दिवशी ते जमलं नाही.

'खाडाखोडीचा, सर.'