न ऐकलेलं ग्रीस

दोन वर्षं माझी मुलगी जेवताना एकाच माणसाबद्दल बोलत होती, आणि तो माणूस मी नव्हतो. सीवूड्सला तिला पाश्चात्त्य बासरी शिकवणारे सर. माझ्याच वयाचे, आवाज मऊ. मी एपीएमसी मार्केटात फळांच्या गाळ्यावर ओरडणारा. तो गाळा मी स्वतःच्या जिवावर उभा केलाय.

"पप्पा, शंभर वर्षांपूर्वी फ्रेंच संगीतकारांना प्राचीन ग्रीसचं वेडच लागलं होतं," ती सांगायची. एका ग्रीक देवापासून पळताना एक वनकन्या नदीकाठचा बोरू झाली. देवानं तोच बोरू कापून पावा केला. त्या गोष्टीवर फ्रेंचांनी किती सुंदर संगीत लिहिलंय म्हणे. साताऱ्याकडे माझे आजोबाही गुरांमागे पावा वाजवायचे. हे मी दहादा सांगितलं, तेव्हा तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नव्हतं.

एका रविवारी सर कोपरखैरण्याला आमच्या घरी आले. पुण्यात ह्याच फ्रेंच रचनांचं सात दिवसांचं शिबिर होतं. सगळ्या शिष्यांबरोबर हिलाही न्यायचं होतं.

मी विचारलं, "ग्रीकांचं संगीत ह्या फ्रेंचांनी ऐकलं होतं का?"

"नाही. लिहिलेले थोडे तुकडे सापडले होते. बाकी भांड्यांवरची चित्रं आणि गोष्टी. उरलेलं कल्पनेनं भरलं."

"म्हणजे पेटी न उघडताच आंबा गोड!"

"पप्पा, हा गाळा नाहीये."

सर हसले. "न चाखलेलाच कधीकधी जास्त गोड लागतो, दादा."

ती अशी खुलून हसली की माझं डोकं फिरलं. आंबा माझा आणि दाद त्यांना!

मी खांद्यावरचा रुमाल सरांच्या हातावर टाकला. आमच्या मार्केटात सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून. बघणाऱ्याला आकडा कळत नाही. मी त्यांची तीन बोटं दाबली. तीन दिवस, वर नाही. सर बिचारे शेकहँड समजून माझा हात हलवत राहिले.

"सरका सर, पप्पा सौदा करतायत," म्हणत मुलीनं स्वतःचा हात खाली घातला. लहानपणी हा खेळ मीच तिला शिकवला होता. तिनं पाच बोटं दाबली, मग दोन. मी चार दिले. पुन्हा पाच आणि दोन. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी शिकवलेली बोटं त्या माणसाच्या बाजूनं सौदा करत होती. मी सहावर आलो. ती हलेना.

"सात," मी ओरडलो. "पण रोज संध्याकाळी फोन."

"काय सांगू फोनवर?"

"सरांचं काही सांगायचं नाही. नुसतं वाजव."