चार हजार एकाचा ताणा

वाचकहो, चार हजार एक धाग्यांचे सारखे पट्टे पाडून दाखवता का? सोलापुरात आमच्या कारखान्याचे मालक मल्लप्पाअण्णा यांना तसे पट्टे हवे होते. पडले नाहीत, म्हणून त्यांनी नरसय्या विणकराला डिसमिस करायचे ठरवले. त्याची खोली कारखान्याचीच. म्हणजे संध्याकाळी बिऱ्हाड रस्त्यावर.

मी तिथला नक्षी आखणारा मास्तर. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. चाळीस लाल, चाळीस पांढरे, असे शंभर पट्टे घेतले की चार हजार भरतात. पण हे कापड नव्या शेडच्या ओपनिंगचे. अण्णांनी आहेरात घालतात तसा वर एक घातला.

मी म्हणालो, "अण्णा, तो एक काठात घेऊ."

"शुभाचा धागा काठाला ढकलतोस? पट्ट्यातच बसव की!"

बसतो कसा? शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे एकटा लाल धागा उभा राहिला. अण्णांनी नरसय्याला धरले.

"मोजताना झोपला होतास काय रे?"

"न्हाय अण्णा. तुमीच एक वाढीव सांगितलं की."

"मालकाला उलटं बोलतोस? खोली मोकळी कर, चल!"

मला राहवले नाही. मी पाटी अण्णांपुढे सरकवली. "तुम्हीच भाग द्या. बाकी उरली नाही, तर नरसय्याबरोबर मीही जातो."

अण्णा इंटर पास. त्यांनी बाह्या सरसावल्या. चाळिसाने एक उरला. पन्नासाने पुन्हा तोच एक. तिसाने अकरा उरले.

"सातानं जाईल," अण्णा म्हणाले. चार उरले.

एव्हाना दाराशी विणकर जमले होते. "अण्णा, तेविसानं बघा," कोणी तरी म्हणाले. बाकी बावीस! मागे खसखस पिकली.

मी सांगितले, "चार हजार एक ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. त्रेसष्टापर्यंत तपासले की पुरे. चौसष्टाला चौसष्टाने गुणले तर गुणाकार चार हजार एकाच्या पुढेच जातो."

अण्णांनी त्रेसष्टापर्यंत तपासले. जेवण निवून गेले. शेवटी पाटी उलटी ठेवून ते म्हणाले, "आकड्यातच खोट हाय. नरसय्या, जा मागावर."

चूक आकड्याची ठरली. मालकाची नव्हे, हे विसरू नका. आणि माफी? तिला तर कुठल्याच मालकाच्या तोंडात जागा नसते.

लाल धागा अण्णांनी स्वतः ओढून काढला. ओपनिंग झाले, शेडवर आभाळ कोसळले नाही. दुसऱ्या सकाळी अण्णा हसत आले. "मास्तर, पुढचा ताणा पाच हजार एकाचा. पट्टे चाळिसाचेच."

मी पाटी पुसून त्यांच्या हातात दिली.

तेव्हा कामगार बंधूंनो, एक विनंती. तुमच्या मालकाने शुभाचा एक वाढवला, तर ताणा मागावर चढण्याआधी भागाकार त्याच्याच हातून करून घ्या. आणि बाकी मोठ्याने वाचायला लावा, चार विणकरांसमोर.