काळजीला टाका

भिंतीला कान असतात म्हणतात. भावाच्या घरात मधली भिंत नव्हतीच, होता नुसता पडदा. आणि तोही शिवणबाईनंच शिवलेला. नवऱ्यानं टाकल्यावर ती तान्ह्या लेकीला घेऊन भावाकडे आली होती. एका दुपारी ती पडद्याआड लेकीला थोपटत होती आणि पलीकडे भाऊ-भावजय भांडत होते.

"ताई काय जन्माला पुरणार आहे? तिच्यामागं त्या पोरीचं कोण करणार?"

"मी नाही, स्वच्छ सांगते. माझी तीन अंगावरची. एकाचं नाक पुसते तोवर दुसरं पडतं. त्यात बुद्धीनं कधी न वाढणारं मूल माझ्या गळ्यात बांधू नका."

"हळू बोल जरा."

"हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलायला अंगात ताकद कुठाय?"

शिवणबाईला राग आला असता तर बरं झालं असतं. पण भावजय खोटं बोलत नव्हती. मग तिनं दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली, खिडकीत मशीन मांडलं आणि ते बोलणं उराशी धरून वर्षानुवर्षं शिवत बसली.

लेकीला सगळे चिमणी म्हणत. केसांत पांढरं दिसू लागलं तरी चिमणीच. बोलणं चार शब्दांचं, पण बोटं शहाणी. शिवणबाईनं आधी हातानं कच्चे टाके घालून कापड जुळवायचं, मग मशीन मारायचं, आणि शेवटी चिमणीनं ते कच्चे टाके एकेक ओढून काढायचे, असा मायलेकींचा कारभार. बाहेर पडल्या की चिमणी आईच्या पिशवीचा एक बंद धरून चालायची. बंद सुटला की भर रस्त्यात थांबायची, मग मागचे गाडीवाले कितीही बोंबलोत.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब हमखास सांगायचे, "आपली काळजी देवावर टाका." सगळे माना डोलवायचे. शिवणबाई तेवढ्यात चिमणीची वेणी नीट करायला घ्यायची. तो 'टाका' शब्द तिला सोसत नसे. एकदा पाळकसाहेब कोटाची बाही शिवायला घेऊन आले, तेव्हा तिनं मशीनवरची मान वर न करता विचारलं, "टाकायचं म्हणजे कसं हो?"

"ओझं उतरवायचं, त्याच्या हाती द्यायचं आणि मोकळं व्हायचं."

"माझी काळजी त्या स्टुलावर बसून दोरे काढतेय. तिला टाकू? मलाही टाकलंय एकानं. टाकलेल्याचं काय होतं ते मला विचारा."

पाळकसाहेब भला माणूस. उत्तर नसलं की वचनांआड लपायचे नाहीत. डोकं खाजवून म्हणाले, "मग तुमच्या धंद्यातला टाका घ्या बाई. दुसरा मला सुचत नाही." आणि भलतंच बोलून गेलो की काय म्हणून चहा अर्धा टाकून उठले.

तिच्या बोटांना मात्र ते पटलं. सुई खाली जाते, दिसेनाशी होते, परत वर येते. तिची प्रार्थना अशीच होती. सकाळी देवाकडं दिलेली चिमणी दुपारपर्यंत परत उरावर. आपला विश्वासच खोटा, असं तिला वाटायचं. पण सुई वर आली म्हणून टाका काही फुकट जात नाही, दोरा मागं राहतो. खोट होती ती वेगळीच. देवाशी घातलेले तिचे सगळे टाके कच्चे होते, वेळ आली की ओढून काढता येतील असे. चिमणीला कुणाच्या हाती सोडायचं म्हटलं की तिनं दोरा ओढलाच.

आणि आता ती दमली होती. सुईचं भोक दिसेना, जिना चढताना छाती भरून येई. वाचायला तिला फारसं येत नव्हतं, पण डॉक्टरनं हलवलेली मान तिनं बरोबर वाचली. देवा, भांडायलाही त्राण नाही, एवढीच तिची त्या दिवसांतली प्रार्थना.

एका शनिवारी ती भावजयीच्या दारात उभी राहिली. भाऊ केव्हाच वारला होता, मुलं आपापल्या वाटेनं गेलेली. भावजय एकटीच गुडघे चोळत बसली होती.

"हिला बसू दे गं घटकाभर. मी चर्चमध्ये कापड देऊन येते." प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुऊन, इस्त्री करून शनिवारी पोचवणं हे तिचंच काम.

"आजवर कधी ठेवली नाहीत ती?"

"आजवर पाय चालत होते."

भावजयीनं चिमणीला बसायला चटई सरकवली. मग म्हणाली, "ताई, तो पडदा फार पातळ होता. मला तेव्हाच वाटलं होतं."

"कापड चांगलं होतं. शिवणारीनंच अस्तर लावलं नाही."

तिनं पिशवीचा बंद चिमणीच्या मुठीतून सोडवला. कोपऱ्यापर्यंत गेली, परतली, खिडकीतून डोकावली. चिमणी रडत होती आणि भावजय 'गप गं बाई' म्हणत तिच्यापुढं हात जोडून बसली होती. शिवणबाई लेकीला घेऊन घरी आली. कच्चा टाका, ओढला की निघाला. पुढच्या शनिवारी तिनं तो पुन्हा घातला. त्या वेळी चर्चच्या फाटकापर्यंत पोचली, त्याच्या पुढच्या शनिवारी मेजापर्यंत. भावजयीकडून वचन घ्यावं असं दर वेळी तोंडाशी यायचं, आणि दर वेळी ती ते गिळायची.

शिवणबाई वारली त्याच्या आधीचा शनिवारही तसाच. चिमणीला घेऊन दमून आली, भावजयीच्या दाराला टेकली. भावजयीच्या उशीचा एक दोरा लोंबत होता. चिमणीला तो दिसला मात्र, बंद तिनं आपणहून सोडला.

"संध्याकाळी यायची घाई करू नका," भावजय म्हणाली. "राहू दे तिला इथंच आज. माझ्या उश्या ती उसवून ठेवील, मग शिवायला तरी तुम्ही याल."

"उसवू दे," शिवणबाई म्हणाली.

चर्चच्या वाटेवर पिशवीचा सुटा बंद पोटरीवर आपटत होता. कोपऱ्यावर ती थांबली, पण श्वास घ्यायला. चर्चमध्ये कुणी नव्हतं. तिनं कापड मेजावर अंथरलं, तळहातानं सुरकुती मोडली, कडेच्या शिवणीची गाठ नेहमीसारखी नखानं तपासली. मग मागच्या आठवड्याचं मळकं कापड घडी करून पिशवीत घातलं, सोमवारी धुवायला, आणि दार ओढून घेतलं.