एका घरात तीन गणपती

एका घरात एकच गणपती बसवतात, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरी गेल्या वर्षी, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, जयपुरात खातीपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात तीन आले.

पहिला माझा, मोबाइलवर मागवलेला. मी तो खोक्यातून काढून नुकताच जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, तेवढ्यात नवरा सासूबाईंना स्टेशनवरून घेऊन आला. येताना गाडीच्या डिकीतून त्याने दुसरा काढला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या त्याच्या बँकेतून परतताना सीकर रोडच्या कडेला तो त्याला आवडला होता. आम्ही एकमेकांकडे डोळे वटारून बघतोय, तोवर सासूबाईंनी प्रवासभर मांडीवर धरलेल्या गाठोड्याचा टॉवेल सोडला. स्टेशनपासून नवरा त्या गाठोड्याला लोणच्याची बरणी समजत होता.

सासरे गेल्यापासून सासूबाई कोल्हापुरात एकट्या राहतात. तिथलं घर बंद ठेवून, नेहमीच्या कुंभाराकडची मूर्ती घेऊन त्या पहिल्यांदाच गणपतीला आमच्याकडे आल्या होत्या. टेबलाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. हातातली मूर्ती त्या खाली ठेवेनात.

"मी फोनवर सांगितलं होतं, मूर्ती मी आणते म्हणून," त्या म्हणाल्या.

"मी पण सांगितलं होतं," नवरा म्हणाला.

"मी तर दोघांना सांगितलं होतं," मी म्हणाले.

खरं तर तिघांनीही सांगितलं होतं. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा माझा मिक्सर चालू होता आणि मी "हो हो" म्हणाले होते. मी सांगितलं तेव्हा त्यांचं दूध उतू जात होतं आणि त्या "होय की" म्हणाल्या होत्या. नवऱ्याने सांगितलं तेव्हा माझ्या कानात ऑफिसची मीटिंग होती. आमच्या घराण्यात हो म्हणणं म्हणजे समोरच्याने आता थांबावं अशी विनंती असते.

माझा परत पाठवावा म्हणून मी मोबाइल उघडला. परत करण्याचं कारण निवडा, असं आलं. आकार बसत नाही, फोटोसारखा नाही, आता नको आहे. साक्षात गणपतीसमोर बसून 'आता नको आहे'वर बोट ठेवायची माझी काही छाती होईना. आणि तिथेच मला हसू फुटलं. आवरेना. सासूबाई अजून मूर्ती धरून उभ्या, आणि सून खुर्चीत वाकडी होऊन हसतेय. "मला पण दाखव," त्या म्हणाल्या. त्यांनी ती यादी वाचली, आणि मग त्या अशा हसल्या की नवऱ्याने धावत जाऊन त्यांच्या हातातली मूर्ती घेतली.

ती त्याने सरळ चौरंगावर ठेवली. तिथे ती ठेवायची हे कोणाला ठरवावं लागलंच नाही. माझी मूर्ती खाली घरमालकीणबाईंकडे गेली, नवऱ्याची वरच्या मजल्यावरच्या तीन मराठी सॉफ्टवेअरवाल्या पोरांकडे. त्यांना गावी जायला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ती तोंड पाडून बसली होती.

आता तीन मजल्यांची तयारी एकाच सकाळी करायची, आणि सगळी सूत्रं सासूबाईंकडे. त्या कोणालाही काही सांगितलं की हलू देईनात. "मी काय सांगितलं, सांग बघू." मग पोराने म्हणायचं, "काकू, दुर्वा आणायच्या आणि आधी आंघोळ करायची." घरमालकीणबाईंना त्या हिंदीत विचारत, "मैं क्या बोली?" त्याही हसत हसत सगळं म्हणून दाखवत. फक्त एकदा अडल्या. "आपने कहा डेढ़ दिन में विदा करना है. पर मेहमान को इतनी जल्दी कौन भेजता है, बहनजी?" गणपती पाच दिवस राहिले.

त्या पाच दिवसांत आम्ही एकच टाळ घेऊन जिने चढत-उतरत होतो. खाली चूरम्याचे लाडू, मध्ये मोदक, वर पोरांनी केलेला करपलेला शिरा. इतकी मजा मला लग्नातही आली नव्हती.

सासूबाई परत गेल्या, त्यांची सवय मात्र घरात राहिली. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत सांगायचं, मगच बोलणं संपलं. नवरा आता भाजी आणायला जाताना जिन्यात पाठांतर करतो.

यंदा श्रावणात सासूबाईंचा फोन आला. "गुडघे लई दुखतात. एवढ्या लांबचा प्रवास काय झेपायचा नाही. मूर्ती तिकडंच आणा. मी काय म्हणाले, सांग बघू."

मी मिक्सर बंद केला.

"तुम्ही म्हणालात, गुडघे दुखतात. प्रवास झेपणार नाही. मूर्ती आम्ही आणायची. पण यायचं नाही, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत."

"अगं, पण..." त्या म्हणाल्या.

"आम्ही दोघं तुम्हाला न्यायला येतोय," मी म्हणाले. "आता तुम्ही सांगा, मी काय म्हणाले?"

"न्यायला येताय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच भर घातली, "दोघं येताय. आणि मूर्ती माझ्याच मांडीवर. हे पण म्हण."

मी म्हटलं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.