शैलजाचे खाडे

शैलजा गेल्याचं मला तिच्या घरून कळलं नाही. कळलं ते योग केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. सकाळी दूध तापत ठेवून फोन हातात घेतला, तर तिचा पांढऱ्या साडीतला फोटो, डोक्यामागे कुणीतरी चिकटवलेलं सोनेरी वलय, आणि खाली हिंदीत मजकूर की आमच्या अखंड साधिका शैलजाजी यांनी देह ठेवला... दूध उतू गेलं. दिलीपरावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन लागेना. दोन गल्ल्या ओलांडून भोपाळच्या कोटरा भागातल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की काहीतरी गफलत असणार. आदल्या संध्याकाळीच मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. डेंग्यूनं प्लेटलेट घसरल्या होत्या, पण ती बोलत होती, खिचडीत मीठ नाही म्हणून कुरकुरत होती, सलाईनच्या हाताला सूज आली म्हणून नर्सशी वाद घालत होती. दारात चपलांची गर्दी दिसली आणि मला कळलं की गफलत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आणखी एक मजकूर आला. शैलजाजी शेवटच्या क्षणापर्यंत श्वासाच्या जपात लीन होत्या म्हणे. कुणी पाहिलं होतं हे? आदल्या संध्याकाळी मी तिथं होते. ती पाणी मागत होती आणि घाबरली होती. माझं बोट धरून म्हणाली होती, "उद्या येताना माझा चष्मा आण गं, इथलं काही दिसत नाही मला." ही शैलजा कुणाला नको होती. वाचणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, हे मी रागात लिहिते आहे. दीड महिना झाला तरी राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आम्ही दोघी बरोबरच त्या केंद्रात गेलो होतो. दिलीपरावांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे ती साताऱ्याहून भोपाळला आलेली, मी इंदूरची, इथं शाळेत शिकवणारी. तिची पाठ धरलेली असायची आणि माझी झोप उडालेली. टी. टी. नगरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावर मोठा हॉल होता, तिथं कुंडलिनी योगाचा वर्ग चाले. पाठीचा कणा सैल करायचे प्रकार, मग भस्त्रिका, मग बंध, मग डोळे मिटून स्वस्थ बसणं. शिकवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणत. त्या शिकवायच्या छान, हे मी नाकारत नाही. पण तिथं एक नियम होता. चाळीस दिवसांचा संकल्प करायचा, रोज पहाटे घरी बसायचं, आणि एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. ज्याचे चाळीस पूर्ण होत त्याला हार घालत. ज्याचा संकल्प मोडे त्यानं उठून सगळ्यांसमोर तसं सांगायचं आणि मागच्या रांगेत जाऊन बसायचं.

मागच्या रांगेत कोण असायचं हे पाहून घ्या. सगळ्या बायका. कुणाचं मूल आजारी, कुणाकडे पाहुणे, कुणाच्या घरी पहाटे नळाला पाणी येणार. पुढे हार घालून बसलेले बहुतेक निवृत्त पुरुष, ज्यांना आसनावरून उठल्यावर चहा हातात मिळत होता. शैलजाचा संकल्प पहिल्यांदा मोडला तो सासूबाई न्हाणीघरात घसरल्या तेव्हा. दुसऱ्यांदा तिची मुलगी ऋचा कांजिण्यांनी आजारी पडली तेव्हा. तिसऱ्यांदा काय झालं होतं ते मला आठवत नाही, पण तिनं उठून सांगितलं आणि दीदी नेहमीसारख्या गोड आवाजात म्हणाल्या, "शैलजाजी, संकल्प टूट गया। पहले दिन से शुरू कीजिए।" त्यावर ही म्हणाली, "दीदी, एक दिन दाल जल गई तो दूसरे दिन मैं फिर से चूल्हा जलाना सीखूँ क्या?" हॉलमध्ये हसू फुटलं. दीदी हसल्या नाहीत. हा अहंकार आहे, साधनेतला सगळ्यात मोठा अडसर आहे, असं त्यांनी सांगितलं. शैलजानं सतरंजीची गुंडाळी केली, काखेत मारली आणि जिना उतरली. मीही तिच्यामागून उतरले. खाली आम्ही पोहे-जलेबी खाल्ली. नंतर ती त्या हॉलमध्ये वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला, नमस्कार करायला तेवढी जायची. तो पांढऱ्या साडीतला फोटो तिथलाच.

म्हणजे ज्यांनी तिला मागच्या रांगेत बसवलं, त्यांचीच ती मेल्यावर अखंड साधिका झाली!

घरी तिनं जे उभं केलं ते तिचं तिनं केलं. वेगळी खोली वगैरे नव्हती. मागच्या बंद केलेल्या गॅलरीत वॉशिंग मशीन आणि कोठीचे डबे, त्यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. तिथं लोकरीचं कांबळं. ऊठ-बस सोपी व्हावी म्हणून ते ती कधी उचलत नसे. चहाच्या आधी बसायचं, एवढाच नेम. घड्याळ लावायची नाही. म्हणायची, चहाची तल्लफ मला घड्याळापेक्षा बरोबर उठवते. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी सगळं साग्रसंगीत, नाही तर नुसते थोडे श्वास, आणि त्यालाही बसलेच म्हणायचं. आणि चुकलं तर चुकलं. "काल का नाही आलीस, असं कांबळं विचारत नाही," हे तिचं वाक्य. मी चेष्टा करायची, "आज तुझी कुंडलिनी रजेवर का?" तर म्हणायची, "तिलाही कॅज्युअल लीव्ह असते." यातून कुणी असं समजू नये की ती ढिली होती. कमालीची हट्टी होती. तोंडानं फटकळ, मनातली गोष्ट मनात न ठेवणारी. पण खाडा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कसलाही गाजावाजा न करता जाऊन बसायची, आणि असं करत करत तिचं वर्षानुवर्षं चाललं. केंद्रातले हारवाले कधीच गळून गेले होते. मीही गळले होते.

तेराव्यानंतर केंद्रात शोकसभा झाली. मी गेले. दिलीपराव बोलायला उभे राहिले आणि हुंदका आवरत म्हणाले, "बारह साल में एक दिन भी नागा नहीं किया उसने।" एका दिवसाचाही खाडा नाही म्हणे! सगळ्यांनी डोळे पुसले. मी खुर्चीत बसून राहिले, कारण नुकती बायको गेलेल्या माणसाला भर सभेत खोटं पाडायचं कसं? तिथंच चुकलं असेल. कारण पंधरा दिवसांत मिसरोदला केंद्राची नवी शाखा उघडली आणि तिच्या दारावर भला मोठा बोर्ड लागला. शैलजाचा फोटो, सोनेरी वलय, आणि ते वाक्य. होशंगाबाद रोडवरून जाता-येता दिसेल असं.

मी दीदींना गाठलं. म्हटलं, हे खोटं आहे आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे, तुम्हीच तिला मागे बसवत होता. त्या शांतच. "इससे लोगों को प्रेरणा मिलती है।" मी म्हटलं, "प्रेरणा नहीं दीदी, डर मिलता है।" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मला प्राणायाम सुरू करण्याचा सल्ला दिला. मी हात सोडवून घेतला.

डर कुणाला मिळाला ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. ऋचा पुण्याहून आली ती इथंच राहिली होती, ऑफिसचं काम घरूनच करत होती. फोन केला की "ठीक हूँ मावशी" एवढंच बोलायची. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर ती गॅलरीत त्या कांबळ्यावर होती. बसलेली नव्हती, मशीनला टेकून मुटकुळं करून पडली होती. अंगात ताप. डोळे सुजलेले. मला पाहून रडायलाच लागली.

"मुझसे नहीं हो रहा, मावशी. आईसारखं रोज बसायचं ठरवलं आणि मी तिसऱ्यांदा तोडलं. परवा ताप होता, उठलेच नाही. आईनं इतक्या वर्षांत एकदा नाही तोडलं, आणि मी... एक महिना नाही टिकवता आलं मला. तिचं सगळं मी संपवलं यार."

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. मेलेल्या बाईच्या नावानं तिच्याच लेकीला मागच्या रांगेत बसवलं होतं या लोकांनी. मी डबा मशीनवर आपटला आणि म्हटलं, "कुणी सांगितलं तुला, आई चुकली नाही म्हणून?"

"बाबांनी. सगळ्यांनी. बोर्ड पर लिखा है."

"मग आता माझं ऐक."

आणि मी तिला तिच्या आईचे खाडे सांगायला बसले. सासूबाईंच्या आजारपणातले सांगितले. जानेवारीतले सांगितले, भोपाळच्या थंडीत रजाईतून निघवत नाही म्हणून सरळ पडून राहिली ते. आमरसाच्या जेवणानंतर अंग जड झालं म्हणून दुसरी सकाळ बुडवली ते. एकदा ही डोळे मिटून बसलेली असताना सासऱ्यांनी बातम्या मोठ्यानं लावल्या, तर हिनं उशी भिरकावली होती आणि पुढचा आठवडाभर रागानं बसलीच नव्हती. ताप उतरणाऱ्या माणसासारखी ऋचा माझ्याकडे बघत होती. मग मी तिला साताऱ्याची आजी, म्हणजे शैलजाची आई, गेली तेव्हाचं सांगितलं. अख्खा हिवाळा शैलजा बसली नव्हती. दुपारभर सिरियली बघायची, भाजी करपवायची, माझ्याशीही धड बोलायची नाही. कांबळ्यावर डाळीचे डबे ठेवले होते तिनं. मला वाटलं होतं, संपलं हे. आणि एके दिवशी डबे उचलून बाजूला केले.

"मग?" ऋचा म्हणाली.

"मग काही नाही. बसली. पाच मिनिटांत उठली, कंबर मोडली म्हणाली, आणि चहा टाकला."

मागे काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर दिलीपराव दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी तयारीतच होते, म्हटलं, आता यांचंही ऐकून घेते आणि यांनाही ऐकवते. "तुम्ही का सांगितलंत असं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "मुलीचे हाल बघा काय झालेत ते."

ते गोंधळले. "ताई, मी खोटं नाही हो बोललो. मला खरंच तसं वाटायचं." मग म्हणाले, "मी उठायचो तेव्हा चहा तयार असायचा. म्हणजे ती बसून उठली असणार, असं मी धरून चालायचो... मी झोपलेला असायचो."

बारा वर्षं! अख्ख्या हिवाळ्यात बायको त्या कांबळ्याकडे फिरकली नाही आणि यांना पत्ता नाही. आणि भर सभेत साक्ष कुणी द्यावी, तर यांनी. मी बोलणारच होते. पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि दीदींना लावला. आमच्यासमोरच. म्हणाले, "दीदी, वो मिसरोद वाला बोर्ड उतरवा दीजिए। नहीं, नाराज़ नहीं हूँ। बात ग़लत है। मुझे क्या पता, मैं तो सोता था।" पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. त्यांनी ते पुरतं ऐकलं नाही. बोर्ड अजून तिथंच आहे, आणि मी पुन्हा जाणार आहे. या वेळी दिलीपरावांना घेऊन.

फोन ठेवून ते गॅलरीच्या उंबऱ्यावर खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अजून सांगा ना. अजून कधी नाही बसली?"

मी आठवून आठवून सांगत गेले. माझ्याजवळचे संपले. मग ऋचा, मशीनला डोकं टेकलेली, हळूच म्हणाली, "एक मलापण माहितीये."

तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवसाचा. पहाटे तिला जाग आली तर शैलजा तिच्याच पांघरुणात होती, तिच्या पोटावर हात टाकून. गॅलरीत उजाडलं होतं. ऋचानं विचारलं, "आज बसायचं नाही का आई?"

"मला नंतर नेहमी वाटायचं, मी परत झोपले तेव्हा जाऊन बसली असेल," ऋचा म्हणाली. "सगळे म्हणायचे ना, कधी चुकत नाही. पण ती गेली नव्हती, मावशी. मी उठले तेव्हापण तिथंच होती."

"काय म्हणाली होती तेव्हा?" दिलीपरावांनी विचारलं.

"म्हणाली, इथंच बरं आहे."