चूल न पेटलेले चार दिवस

मी आयुष्यभर पियानो वाजवला आणि माझ्या नवऱ्याने तो आयुष्यभर ऐकला. त्याचा व्यवसायच होता तो. मी कुठेही ध्वनिमुद्रणाला बसले की काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून हाच बसलेला असायचा. माझं चुकलेलं त्याने कधी चारचौघांत सांगितलं नाही, पण भुवई अशी काही उंचवायचा की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

म्हातारपणी आम्ही मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला, वैशाखरे गावाच्या अलीकडे घर बांधलं आणि पियानोसकट इथे आलो. गावातल्या आठ जणांनी तो टेम्पोतून उतरवला. एवढं मोठं मेज आणि त्यावर जेवायचं नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला आधी फोनची रिंग ऐकू येईना, मग दारातल्या चिमण्या. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेच आहेत, बाकीचेही हळूहळू जातील. परत येताना अंधार पडला. मुरबाड मागे पडल्यावर तो म्हणाला, "अजून थोडे दिवस आहेत माझ्याकडे. ती सहा घेऊन टाकू."

ती सहा म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या, एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या सहा छोट्या रचना. सगळ्या संथ. जलद वाजवताना माणसाला लपता येतं, संथ सुरांत सगळं उघडं पडतं, म्हणून मी त्या तरुणपणापासून पुढे ढकलत आले होते. त्याच्या हातचं हे शेवटचं मुद्रण असणार होतं. त्याला ऐकू येतंय तोवर ते व्हावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या कानांसाठी मला ते वाजवायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. दारं-खिडक्या लावल्या, खिडक्यांना आतून गाद्या टेकवल्या. घड्याळातले सेल काढले, फ्रीज बंद केला. राहिली मागच्या पडवीतली चूल. शेजारची बाई रोज येऊन तिच्यावर आमचा स्वयंपाक करते आणि ओलं लाकूड असलं की चूल अशी तडतडते की विचारू नका. मी तिला मागच्या दारातच गाठलं आणि म्हटलं, "चार दिवस येऊ नकोस. चूल पेटवायची नाही."

"का गो आजी? काय झालं?"

"काही विचारू नकोस. मला आवाज नकोय कुणाचा."

माझा स्वभाव हा असा. डोक्यात काम शिरलं की तोंडातून धड वाक्य निघत नाही. तिने तोंडाला पदर लावला आणि ती मुकाट्याने गेली. शहाणी आहे, लगेच समजली, असं मला वाटलं.

तीन दिवस आम्ही पाव, केळी आणि बिस्किटांवर काढले. दुपारी रस्ता निवांत असतो, त्या वेळात मुद्रण. पाच रचना झाल्या. तो मुद्रणाच्या यंत्रापाशी पाठ ताठ ठेवून बसायचा आणि मध्येच सांगायचा, "स्टूल वाजलं," किंवा "पेडल हळू सोड." त्याचं बरोबर असायचं. मला इतका आनंद व्हायचा की मी मुद्दाम एकदा स्टूल वाजवून पाहिलं.

चौथ्या दिवशी सहावी रचना. शेवटचं पान आलं आणि मला बाहेरून रडणं ऐकू आलं. आधी एक बाई, मग आणखी दोघी. गाद्यांमधूनही स्वच्छ येत होतं. आता तो हात वर करून थांबवील म्हणून मी वाजवत राहिले. त्याने थांबवलं नाही. शेवटचा सूर विरल्यावर त्याने हेडफोन काढले आणि हसून म्हणाला, "साफ. एकसुद्धा आवाज नाही."

मी उठले आणि दार उघडलं.

ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले, पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवलेल्या. मधोमध भाकऱ्यांची टोपली आणि झाकलेलं पिठलं. शेजारची बाई माझ्या गळ्यातच पडली. "आजी गो, एवढं झालं नि आमाला सांगितलं पण नाय!"

इतक्यात माझ्या मागून नवरा बाहेर आला आणि अलीकडे बोलतो तसा मोठ्याने म्हणाला, "कोण गेलं?"

एक म्हातारा हळूच म्हणाला, "बाबा, तुमीच."

मग उलगडा झाला. बाबांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं, रात्री परत येताना कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भर दिवसा दारं बंद, गाद्या खिडकीला आणि चूल थंड. इथे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. बाबांचं सगळं कल्याणलाच उरकलं आणि आजी एकटीच आत कोंडून घेऊन रडकं काहीतरी वाजवत बसली आहे, असा हिशेब गावाने मांडला होता. तीन दिवस माझ्या शब्दाला मान देऊन कुणी दारात आलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

सगळे हसत सुटले. नवराही हसला. स्वतःचाच कडू घास खायला बसला आणि पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाला. खाता खाता त्याने शेजारणीला विचारलं, "किती वेळ रडत होतात?"

"आजी वाजवत होत्या तवापासून," ती म्हणाली.

त्याचा हात टोपलीवरच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पण या माणसाने माझा एक चुकीचा सूर कधी बरोबर म्हणून खपवला नव्हता. "शेवटचं पान," मी म्हटलं. "आलंय त्यात."

त्याने मान हलवली आणि ताटातली भाकरी संपवली. मला तिथेच, सगळ्यांसमोर रडू आलं. बायकांना वाटलं, नवरा जिवंत असल्याच्या आनंदाने रडतेय. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच शेजारणीला बोलावलं. "तुझे कान दे मला आजच्या दिवस," म्हणाला. तिला यंत्रापाशी पाटावर बसवलं, पदरावरूनच हेडफोन चढवले आणि सांगितलं, "पियानोशिवाय दुसरं काहीही ऐकू आलं की हात वर करायचा." ती परीक्षेला बसल्यासारखी बसली.

मी सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिचा हात वर. मला काही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा हात वर. चौथ्यांदा माझा पारा चढला. "अगं, ऐकू येतंय तरी काय तुला?"

"तुमीच, आजी," ती घाबरत म्हणाली. "वाजवताना बोलता तुमी. बारीक. हळू, हळू, हां, असं कायतरी. पोराला निजवताना बोलतात ना, तसं."

मी बोलते? मला लाज वाटली. नवऱ्याला ऐकू जावं म्हणून मी तिचं बोलणं ओरडून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नवल दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या मुद्रणापासून."

"मग सांगितलं का नाहीस? सगळीकडे आलं असेल ते!"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस," तो म्हणाला. मग म्हणाला, "ते ऐकू येईनासं झालं, तेव्हाच मला कळलं कान गेलेत ते. फोन आणि चिमण्या नंतर."

मी पियानोकडे तोंड करून बसले. पलीकडे तो शेजारणीला समजावत होता. "त्याला हात वर करायचा नाही. ते राहू दे. ती बोलली की फक्त माझ्याकडे बघ."

वाजवताना मी कधी मान वर करत नाही. त्या दुपारी शेवटच्या पानावर केली. शेजारीण त्याच्याकडे बघत होती.